बारा जणांची कॉफी

एकतीस वर्षं मी लोकांकडून कॉफी करून घेतली आणि त्याबद्दल पगार घेतला. माझे यजमान होते तेव्हा पाहुण्यांना सांगायचे, "हिला हॉस्पिटलात पेशंट कॉफी करून देतात, म्हणून घरी मला करावी लागते." यातला पहिला अर्धा भाग अगदी खरा आहे.

माझ्या कामाला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. नाव ऐकून लोक एकतर "म्हणजे मालिश का?" असं विचारतात, नाहीतर विषय बदलतात. सोपं करून सांगते. डोक्याला मार लागला, झटका आला, मेंदूचं ऑपरेशन झालं, की डॉक्टर जीव वाचवतात आणि फिजिओथेरपीवाले पायांवर उभं करतात. मग तो माणूस आमच्याकडे येतो आणि आम्ही त्याला विचारतो, की आता सकाळी उठून काय करणार? दात घासणं, आंघोळ, शर्टाची बटणं, कॉफी, दाराला कुलूप. ही सगळी कामं तुम्ही-आम्ही झोपेतसुद्धा करू. त्या बिचाऱ्याला ती जमतायत का, कुठे अडतंय आणि अडत असेल तर काय करायचं, एवढंच आमचं शास्त्र.

म्हैसूरच्या आमच्या हॉस्पिटलात मागच्या बाजूला यासाठी एक खोली होती. त्यात ओटा, गॅसची शेगडी, पितळी फिल्टर, पूड-साखरेचे डबे आणि स्टीलचे सहा उभट पेले. या पेल्याला आम्ही म्हैसूरकर लोटा म्हणतो; महाराष्ट्रातून आलेले लोक हसतात, हसू देत. पेशंटला सांगायचं, "एक कॉफी करा." मी कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर चौदा रकान्यांचा तक्ता. पाणी ठेवलं का, पूड घातली का, चकतीने दाबली का, उकळतं पाणी ओतलं का, डिकॉक्शन, म्हणजे काळा अर्क, उतरेपर्यंत थांबला का, असे चौदा टप्पे. बरोबर केलं की टिक, चुकलं की फुली.

फिल्टर कॉफी तुम्हाला साधी गोष्ट वाटत असेल. पण तिच्यात थांबावं लागतं. पाणी उकळेपर्यंत थांबा, डिकॉक्शन उतरेपर्यंत थांबा, दूध वर येईपर्यंत थांबा. माणसं कामात चुकत नाहीत तितकी थांबण्यात चुकतात, हे मला त्या स्टुलावर बसून कळलं.

आम्ही इथले जुने मराठे. पणजोबा राजाच्या घोडदळात होते, आणि वडील हवालदार, पोलिसांना कवायत शिकवायचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर बन्नीमंटपच्या मैदानावर जायची. वडील काही सारखे ओरडत नसत. तुकडी आपोआप चालायची, पाय पायाला मिळायचा. वडील फक्त सुरुवातीला, वळणावर आणि थांबताना हुकूम द्यायचे. एकदा कुणाशी तरी बोलता बोलता त्यांचं वळण हुकलं, तर अख्खी तुकडी सरळ जाऊन कुंपणाला भिडली आणि तिथेच जागच्या जागी पाय आपटत राहिली. आपल्या डोक्यातही असंच आहे. हात-पाय सवयीने चालतात, आतला हवालदार फक्त वळणावर लागतो. रविवारी भाजी आणायला निघालेली मी सवयीने हॉस्पिटलच्या बसमध्ये चढून बसले आहे, एकदा नाही, तीनदा. हवालदाराला डुलकी लागली होती, दुसरं काय!

माझ्याकडे येणाऱ्यांत काहींचा हवालदार कायमचा जखमी झालेला असायचा. एक निवृत्त शिरस्तेदार होते. त्यांच्यासमोर शिक्का दिसला की संपलं. डिस्चार्ज कार्ड, वर्तमानपत्र, माझ्या साडीचा पदर, सगळ्यावर शिक्का. त्यांना स्वतःलाही कळायचं आणि ते ओशाळून म्हणायचे, "मेडम, हात जातो हो." पिरियापट्टणच्या एका माणसाने आयुष्यभर तंबाखूची पानं रंगावरून निवडली होती. त्याला शर्टाची बटणं क्रमाने लावता येईनात. पण माझ्याशी बोलता बोलता त्याने टेबलावरच्या जुन्या कागदांचे पिवळेपणावरून पाच ढीग लावून ठेवले, आणि मी नंतर पाहिलं तर ते बरोबर सालवार लागले होते. मी सगळ्यांना कौतुकाने ही गोष्ट सांगितली. त्यातून शिकायचं होतं ते मात्र शिकले नाही.

आमच्या तक्त्याच्या तळाशी शेवटचा प्रश्न असायचा: एकटी राहू शकते का? हो किंवा नाही, खाली माझी सही. नातेवाईक त्या एका ओळीसाठी यायचे. हल्ली हा प्रश्न माझी मुलगी पुण्याहून फोनवर मला विचारते, पण त्याकडे नंतर येते. आधी तुळजाक्का.

तुळजाक्का माझ्याकडे आली तेव्हा सहासष्ट वर्षांची होती. हूटगळ्ळीला बस स्टॉपवर एका मोटरसायकलची धडक बसून तिचं डोकं आपटलं होतं आणि कपाळामागच्या भागात रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं, टाके सुटले, केस परत आले. हातापायांत ताकद होती, बोलणं स्वच्छ होतं. बरोबर मुलगा होता, सतीश. बेंगळुरूला कंप्युटरच्या कंपनीत. गुणी मुलगा, पण डोळ्यांखाली काळं झालेलं.

"मेडम, अम्मा दोनदा गॅस चालू ठेवून बाहेर गेली," तो म्हणाला. "शेजारच्या पार्वतम्मांनी बघितलं म्हणून आय्तु, निभावलं, नाहीतर काय झालं असतं? मी तिकडे. रात्री फोन वाजला की तेच डोळ्यांसमोर येते. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, ही एकटी राहू शकते का नाही."

तुळजाक्का त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "तिथे दहाव्या मजल्यावर मी काय करू री? सून चांगली आहे, खोटं कशाला सांगू. पण अडुगे मनेत, स्वयंपाकघरात, पाय ठेवू देत नाही, तुम्ही दमताय म्हणते. सुम्ने, नुसतं बसून टीव्ही बघायचा. मी जन्मात बसली नाही कधी, मेडम."

हूटगळ्ळीचं घर तिने आणि नवऱ्याने बांधलेलं. आजूबाजूला तेव्हा शेत होतं, आता कारखाने आणि भाड्याच्या खोल्या. नवरा गेल्यापासून ती तिथे एकटी. तिच्या कागदावर 'व्यवसाय' या ओळीत कुणीतरी लिहिलं होतं: निवृत्त, हॉस्टेल. मी ते वाचलं आणि पुढे गेले. हॉस्टेलात काय करायची हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी म्हटलं, "अक्का, एक कॉफी करा."

"एकच?"

"हो, एकच."

ती ओट्यासमोर उभी राहिली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "सुम्ने एक?" असं पुन्हा विचारलं. मग मी दिलेल्या छोट्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि गॅस पेटवला. इथपर्यंत टिक. त्यानंतर ती वळली, रॅकवरचे सहाच्या सहा स्वच्छ पेले काढले आणि घासत बसली. घासून ओट्यावर ओळीने पालथे मांडले. तोवर पाणी आटून पातेलं काळं व्हायला आलं. नियमाप्रमाणे मी पाणी पुन्हा भरून दिलं आणि फुली मारली. मग तिने फिल्टरमध्ये पूड घातली ती चार मुठी, सगळ्या ओट्यावर सांडली. दूध अख्खं अर्धा लिटर. त्यात साखर तीन मुठी. मग पालथे पेले एकेक करून उताणे केले. एका कॉफीसाठी सहाही. आणि गॅस तसाच चालू. तो मी जाऊन बंद केला.

"चुकलं, अल्वा?" तिने विचारलं.

"असू दे, अक्का. बेजार होऊ नका."

"एक काफी कशी करायची ते कळालंच नाही मला," ती म्हणाली आणि पदराने ओट्यावरची पूड गोळा करायला लागली.

मी लिहिलं: चौदापैकी पाच. प्रमाणाचा अंदाज नाही. मध्येच दुसऱ्या कामाकडे लक्ष जातं. पेल्यांच्या निरर्थक हालचाली. आणि पुरावा म्हणून तिचंच वाक्य अवतरणात घातलं: 'एक कॉफी कशी करायची ते कळालंच नाही.' शेवटच्या ओळीत लिहिलं, नाही. खाली सही ठोकली. उंटावरून शेळ्या हाकण्याचा पगार मिळत होता ना मला.

सतीशने कागद घेतला. त्याला हायसं वाटलं हे दिसलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली हेही दिसलं. महिन्याभरात घराला कुलूप लावून तिला न्यायचं ठरलं. तुळजाक्का नुसतं मला म्हणाली, "येते, मेडम," आणि दाराबाहेर आपली चप्पल शोधत जरा जास्त वेळ उभी राहिली.

तीन आठवड्यांनी सतीशचा फोन आला. बेंगळुरूला नवीन जागेत अम्माला ओळखीचं वाटावं म्हणून कुठलं सामान न्यावं, हे येऊन सांगाल का? एवढा विचार करणारी मुलं फार भेटत नाहीत, म्हणून मी रविवारी बसने हूटगळ्ळीला गेले. या खेपेला बस बरोबर पकडली.

घरात खोक्यांचा पसारा होता. सतीश, त्याची बायको, शेजारच्या पार्वतम्मा आणि त्यांचे यजमान, शिवाय समोरच्या भाड्याच्या खोलीत राहणारे कारखान्यातले सहा जण कपाट उचलायला आलेले. त्यांचा म्होरक्या सांगलीकडचा फिटर, संदीप. तो तुळजाक्काला मावशी म्हणायचा आणि ती त्याच्या मराठीची चेष्टा करायची. "तुझं मराठी म्हणजे पेपरात लिहिल्यासारखं रे," म्हणायची.

कपाट दारात अडकलं. सगळे "डावीकडून, स्वल्प वर" असा आरडाओरडा करत होते. मी सहज स्वयंपाकघराच्या दारात गेले तर तुळजाक्का कॉफी करत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. माणसं आली, कष्ट करतायत, कॉफी व्हायला हवी, बस्स.

तिने मोठं पातेलं काढलं, पाण्याने भरलं आणि गॅसवर चढवलं. मग वळली आणि पेले घासायला लागली. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच. आम्हा अकरा जणांचे पेले घासले, आपला बारावा बाजूला ठेवला, ओट्यावर चार-चार-तीनच्या ओळींत पालथे मांडले, शेवटचा मांडून हात पुसला, आणि पातेल्यातलं पाणी त्याच क्षणी खळखळून उकळलं.

पेले घासणं हे तिचं थांबणं होतं. मोठ्या पातेल्याला उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तिचे पेले घासून होत होते. माझ्या छोट्या पातेल्याने तिचं घड्याळ बिघडवलं होतं.

पुढे मी नीट बघत राहिले. दुसऱ्या खोल पातेल्यात पूड चार मुठी, त्यावर उकळतं पाणी, झाकण. त्याच जाळावर दूध. दूध वर आलं की साखर तीन मुठी. साखर पडताच तिचे दोन्ही हात ओट्यावरून फिरले आणि अकरा पेले एकेक करून उताणे झाले.

तेवढ्यात बाहेरून सतीशने हाक मारली, "अम्मा, देव्हाऱ्याची किल्ली कुठे?" ती गेली, किल्ली दिली, पार्वतम्माने तिला आणखी काहीतरी विचारलं, परत आली तेव्हा चेहरा कोरा. हातात काय घ्यायचं ते कळत नव्हतं. ही मला माहीत असलेली जागा; इथेच माझे पेशंट पुन्हा साखर घालतात नाहीतर सगळं सोडून निघून जातात. तुळजाक्काने पेल्यांकडे बघितलं. फक्त बघितलं. आणि फडकं घेऊन डिकॉक्शन गाळायला लागली.

"अक्का, साखर घातली हे कसं कळलं?" माझ्याने राहवलं नाही.

ती माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघायला लागली. "लोटे उताणे आहेत ना री? पालथे म्हणजे साखर बाकी. उताणे रिकामे म्हणजे साखर झाली. काळे दिसले म्हणजे दूध घालायचं. हॉस्टेलात एका वेळी बारा लोटे करायची, आणि शंभर पोरी अक्का, अक्का करून डोकं खायच्या. डोक्यात कुठे ठेवणार? म्हणून लोट्यांत ठेवायची."

"हॉस्टेलात तुम्ही काय करत होता?"

"अडुगे, स्वयंपाक. तीस वर्षं. दुसरं काय करणार?"

निरर्थक हालचाली! माझ्या पर्समध्ये त्या कागदाची नक्कल होती. मी ती काढून तिथेच ओट्याला टेकून वाचली. चार मुठी पूड, तीन मुठी साखर, अख्खं दूध. ज्या नऊ फुल्या मी मारल्या होत्या त्यातल्या आठ बारा जणांच्या हिशोबाने चोख होत्या. तिने मला तोंडावर सांगितलंही होतं, एक काफी कशी करायची कळत नाही. मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि त्याचा अर्थ तेवढा सोडून दिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला रडू आलं ते तिच्यासाठी कमी आणि कपाटातल्या जुन्या तक्त्यांसाठी जास्त. किती जणांना मी विचारलं नसेल, तुम्ही आयुष्यभर काय करत होता म्हणून? किती घरांना माझ्या सहीने कुलूप लागलं असेल?

नववी फुली मात्र खरी होती. कॉफी झाली, सगळ्यांना दिली, आणि गॅस चालूच. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काफीनंतर जाळ कोण बंद करते? त्याच्यावर उप्पिटाचं पाणी चढवायचं ना." तीस वर्षं तिच्या हातात जाळ बंद करणं नव्हतंच. अपघाताआधी घरी आतला हवालदार आठवण करून द्यायचा, आता तो देत नव्हता. मी तिथेच तिला एका माणसाची कॉफी करायला सांगून पाहिलं. तिचंच घर, तिचाच ओटा. ती छोटं भांडं हातात घेऊन उभी राहिली आणि पाणीही ठेवू शकली नाही.

सोमवारी मी नवा अहवाल लिहिला: एकीसाठी स्वयंपाक करू शकत नाही, बारा जणांसाठी करू शकते. आमच्या विभागप्रमुखांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "पेशंटने सांगितलं तेच आहे, सर. आधी मला ऐकू आलं नव्हतं."

नवा अहवाल घेऊन मी हूटगळ्ळीला गेले तर सतीश चिडलाच. "मेडम, एकटी राहायचं म्हणजे एकीचीच काफी ना? रोज बारा माणसं कुठून आणू मी?"

तो बरोबर होता. मी तसं कबूल केलं. उत्तर संदीपकडे होतं. अर्धं सामान परत लावायचं का न्यायचं या वादात तो दारात उभा होता. तो म्हणाला, "मावशी, आम्ही सहा जण पहिल्या पाळीच्या बसआधी टपरीवर चहा पितो. रोज दूध आम्ही आणू. तुम्ही आम्हाला कॉफी देत जा."

"चहा बेड, नको," तुळजाक्का लगेच म्हणाली. "काफी पाहिजे तर साडेपाचला या. उशीर केला तर नाही." पार्वतम्माने बोटांवर मोजलं, "आमच्या घरचे पाच." सहा आणि पाच अकरा, बारावी ती स्वतः.

राहता राहिला गॅस. मी माझी विद्या पाजळली. भिंतीवर लाल अक्षरांत पाटी लावू, मोबाइलमध्ये गजर लावू. तिने सगळं ऐकून घेतलं. मग आपला पेला उचलला, वाकली आणि ओट्याखाली सिलिंडरच्या शेजारी पालथा ठेवला.

"माझी काफी शेवटची," ती म्हणाली. "सगळे प्यायल्याशिवाय मी कधी प्याली नाही. लोटा घ्यायला वाकणार, वाकली की हे दिसणार." आणि तिने रेग्युलेटरवर चापट मारली. "पाटी कोण वाचत बसते, मेडम?"

एकतीस वर्षांत मी लोकांना खूप युक्त्या शिकवल्या. यापेक्षा सुंदर युक्ती मला कधी सुचली नाही. तिचा आतला हवालदार जखमी होता हे तिला माहीत होतं. मग तिने त्याची चौकीच उचलून सिलिंडरजवळ नेली.

सतीशने एक महिना मुदत दिली. रोज सकाळी पार्वतम्मा सिलिंडर बघून त्याला फोन करायच्या. पहिल्या आठवड्यात तुळजाक्काने एकदा घाईत दुसराच पेला घेतला आणि गॅस राहिला. त्या दिवशी सतीश बेंगळुरूहून गाडी काढून आला. तुळजाक्काने त्याच्यादेखत घरातले जास्तीचे सगळे पेले खोक्यात भरून पार्वतम्माकडे दिले. त्यानंतर महिनाभर रेग्युलेटर एकदाही उघडा सापडला नाही. दुपारचा स्वयंपाक ती पार्वतम्माच्या घरी, पार्वतम्माबरोबर करायची, कारण ते घर पाच जणांचं आणि तिला तेवढं तरी लागायचंच. महिना संपला तसा सतीश माझ्याकडे आला आणि पहिला कागद परत देऊन म्हणाला, "हा फाडा, मेडम." मी फाडला नाही. तो मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला, निवृत्त होईपर्यंत. शिकायला येणाऱ्या मुलींना आधी तो वाचायला लावायची. विचारायची, यात काय चुकलंय? कुणालाच चटकन सापडायचं नाही. म्हणजे मी एकटीच ठोंब नव्हते एवढं समाधान.

त्यानंतर मी तक्ता हातात घेण्याआधी प्रत्येकाला विचारत गेले, तुमचा हात काय करत आलाय? आणि माणसांनी काय काय सांगितलं! रोज सकाळी आपण ज्याला 'काही नाही, नेहमीचंच' म्हणतो त्यात किती बुद्धी गोठून बसलेली असते, हे मला या कामाने दाखवलं. बुद्धी फक्त डोक्यात असते असं मानणाऱ्याने एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघावं.

आता माझं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. यजमान गेले, मुलगी पुण्याला, मी इथे एकटी. गेल्या महिन्यात मी किल्ली दाराला बाहेरून तशीच ठेवून झोपले. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवून हातात दिली. हे मी हसत हसत मुलीला सांगितलं, तिथेच चुकलं. तेव्हापासून रोज तोच सूर. "आई, तू एकटी नाही राहू शकत. घर विकून टाक." मी तिला म्हणते, अगं, हा प्रश्न मी जन्मभर दुसऱ्यांना विचारला. ती म्हणते, मग उत्तर दे ना.

गेल्या मंगळवारी मी उजाडताच हूटगळ्ळीला गेले. महिन्या-दोन महिन्यांतून जाते. तुळजाक्का आता सत्तरीच्या पुढे आहे, थोडी वाकली आहे. संदीप लग्न करून दुसऱ्या गल्लीत गेलाय, तरी कॉफीला येतो आणि बायकोलाही आणतो. त्याच्या जुन्या खोलीत आता चारच जण राहतात. ओट्यावर पेले मांडलेले होते.

"आज तुम्ही करा," ती म्हणाली. "बघू दे मला." आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली.

मी पाणी ठेवलं, पूड घातली, दूध चढवलं. आणि मुलीचं सांगायला लागले. किल्लीचं, घर विकायचं, पुण्याचं. बोलता बोलता मी तिच्याकडे वळले, आणि मागे फस्स झालं. दूध ऊतू जाऊन शेगडी विझली होती.

तिने आधी उठून, वाकून रेग्युलेटर बंद केला. मग ओटा पुसला. मग कंबरेवर हात ठेवून माझ्याच जुन्या आवाजात म्हणाली, "चौदातले किती लिहू, मेडम? एकटी राहू शकते का?"

मला हसू फुटलं. तिलाही. कॉफीसाठी दाराशी उभे असलेले लोक न कळून हसले. मग मी हसताना रडले आणि तिने मला रडू दिलं.

"पुण्याला जाणार?" तिने हळूच विचारलं.

"गोत्तिल्ल," मी म्हटलं. खरंच मला माहीत नव्हतं.

माझ्यासाठी काढलेला पेला तिने विसळला, पदराने कोरडा केला, वाकली, आणि सिलिंडरच्या शेजारी, तिच्या पेल्याला लागून पालथा ठेवला.

"रोज साडेपाचला ये, तंगी," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला मेडम म्हटलं नाही, धाकटी बहीण म्हटलं. "बाकीचे प्यायले की आपण दोघी."